कागदावर नसलेल्या जखमा

या स्मरणिकेसाठी आपल्या बॅचची यादी करायचे काम माझ्याकडे आले. मी सॉफ्टवेअरमधली, म्हणून. दहावीच्या निकालावरून एक्सेल शीट केली, नावे अकारविल्हे लावली, दोनदा तपासली आणि ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीचा फोन आला. पाचवीपासून आठवीपर्यंत ती माझ्याच बाकावर बसायची. आठवीनंतर घरच्यांनी तिची शाळा बंद केली. ती रागावली नव्हती. आपले नाव यादीत का नाही, एवढेच तिने विचारले. माझ्याकडे उत्तर होते, पण ते सांगायची लाज वाटली. निकालात तिचे नाव नव्हते, म्हणून यादीतही नव्हते.

त्या फोननंतर मला हेन्री जॉन्सन आठवले. मी नोकरीनिमित्त अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्याची राजधानी असलेल्या ऑल्बनीत राहते. इथल्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे आणि वॉशिंग्टन पार्कमध्ये त्यांचा अर्धपुतळा आहे. सुरुवातीची काही वर्षे मी त्या रस्त्याने नुसती ये-जा केली. माणूस कोण, हे नंतर वाचले. तुम्हालाही सांगावेसे वाटते.

हेन्री जॉन्सन यांचा जन्म 1892 च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम इथला. जन्मतारीख निरनिराळ्या कागदांवर निरनिराळी आहे. ते कृष्णवर्णीय होते आणि घरची परिस्थिती बेताची. पोरवयातच ते ऑल्बनीला आले. मिळेल ती कामे केली आणि पुढे रेल्वे स्टेशनवर हमाल म्हणून लागले. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा, जून 1917 मध्ये, ते सैन्यात भरती झाले. त्यांची पलटण कृष्णवर्णीय सैनिकांची होती. पुढे ती 369 वी इन्फंट्री रेजिमेंट म्हणून ओळखली गेली.

त्या काळी अमेरिकी सैन्यात गोरे आणि काळे वेगळे ठेवले जात. फ्रान्सला पोचल्यावर या पलटणीला आधी बंदरावर माल उतरवायला आणि बांधकामाला लावले. मग तिला फ्रेंच सैन्याच्या हाताखाली देऊन टाकले. फ्रेंचांनी मात्र आपली शिरस्त्राणे आणि रायफली देऊन या सैनिकांना थेट आघाडीवर उभे केले.

14 मे 1918 ची रात्र. आर्गॉनच्या जंगलाच्या कडेला जॉन्सन आणि नीडम रॉबर्ट्स हे दोघे पहाऱ्यावर होते. मध्यरात्रीनंतर किमान 12 जणांची जर्मन तुकडी चालून आली. रॉबर्ट्स सुरुवातीलाच गंभीर जखमी झाले. जॉन्सननी हातबॉम्ब फेकले, मग गोळ्या झाडल्या. रायफल अडली तेव्हा तिचाच सोटा केला. जर्मन रॉबर्ट्सना उचलून नेताहेत हे दिसताच ते लांब सुरा घेऊन त्यांच्या अंगावर धावून गेले. शत्रू मागे हटला आणि रॉबर्ट्स वाचले. जॉन्सनच्या अंगावर 21 जखमा होत्या. एका पायाची हाडे मोडली होती.

फ्रान्सने दोघांनाही क्रॉ द गेर हे शौर्यपदक दिले. हा मान मिळालेल्या पहिल्या अमेरिकी सैनिकांत त्यांची गणना होते. फेब्रुवारी 1919 मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून पलटणीची मिरवणूक निघाली तेव्हा जॉन्सन उघड्या मोटारीत उभे होते आणि लोक त्यांच्या नावाचा पुकारा करत होते. सैन्यभरतीच्या जाहिरातींतही सरकारने त्यांचे नाव वापरले.

पण त्यांना सेवामुक्त केले त्या कागदावर जखमांचा उल्लेखच नव्हता. स्वतःच्या देशाकडून एकही पदक नव्हते. त्याच वर्षी सेंट लुईसच्या एका भाषणात त्यांनी सैन्यातल्या वर्णभेदाबद्दल उघड बोलून टाकले आणि व्याख्यानांची निमंत्रणे थांबली. अधू पायाने ओझी उचलण्याचे जुने काम जमेना. जुलै 1929 मध्ये ते वारले, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. त्यांना बेवारशासारखे कुठेतरी पुरले असावे, अशीच ऑल्बनीत पुढे कित्येक वर्षे समजूत होती. प्रत्यक्षात आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी सन्मानाने त्यांचे दफन झाले होते. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदी शोधताना हे उघड झाले.

नोंद दुरुस्त व्हायला किती काळ लागला ते पाहा. जखमी सैनिकांना दिले जाणारे पर्पल हार्ट हे पदक 1932 मध्ये पुन्हा सुरू झाले, म्हणजे जॉन्सनच्या मृत्यूनंतर. ते त्यांना 1996 मध्ये मिळाले. डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस 2002 मध्ये मंजूर झाला. आपल्या परमवीर चक्राच्या तोडीचे मेडल ऑफ ऑनर मात्र अडले. त्यासाठी त्या काळातला पुरावा लागतो आणि शिफारशीला मुदत असते. ऑल्बनीतले जुने सैनिक आणि सेनेटर चक शूमर यांचे कार्यालय चिकाटीने कागद शोधत राहिले. शेवटी 1918 मधला, अमेरिकी सैन्याचे सरसेनापती जनरल पर्शिंग यांचा या झुंजीची दखल घेणारा संदेश हाती लागला. संसदेने मुदतीची अट शिथिल केली आणि 2 जून 2015 रोजी अध्यक्ष ओबामांनी पदक जाहीरपणे दिले. झुंजीला 97 वर्षे झाली होती.

ते घ्यायला घरचे कोणी नव्हते. हर्मन जॉन्सन नावाचे गृहस्थ स्वतःला त्यांचा मुलगा समजत आणि त्यांनी वडिलांच्या सन्मानासाठी वर्षानुवर्षे खटपट केली होती. ते 2004 मध्ये वारले. पदकाच्या निमित्ताने सैन्याने कागद तपासले तेव्हा रक्ताचे नातेच नसल्याचे निघाले. ज्याने सर्वांत जास्त धडपड केली त्याचेच नाते नोंदीत सापडले नाही, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. अखेर न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका ज्येष्ठ सार्जंट मेजरनी ते पदक स्वीकारले.

2023 मध्ये लुइझियानातल्या एका लष्करी तळाला जॉन्सन यांचे नाव दिले गेले, आणि 2025 मध्ये ते काढून जुने नाव परत लावले. पाट्या बदलतात. सेवापुस्तकातली नोंद मात्र आता पक्की आहे.

वीस वर्षे मी डेटाबेसवर काम करते. रकाना रिकामा असला की तिथे काही घडलेच नाही असे धरू नये, हे मी नव्या मुलांना शिकवते, आणि आपल्याच वर्गाच्या यादीत तेच करून बसले. जॉन्सन यांच्या बाबतीत कोणीतरी कागद शोधत राहिले म्हणून नोंद सुधारली. आपल्याला तर कागदही शोधायचे नाहीत. आपण सगळे अजून आहोत, आणि कोण कुठल्या बाकावर बसायचे ते आठवणारेही आहेत.

माझ्या मैत्रिणीचे नाव मी यादीत घातले आहे. बदली झाली म्हणून, लग्न झाले म्हणून, फी भरता आली नाही म्हणून किंवा नापास झाले म्हणून जे मधेच गेले, त्यांची नावे अजून राहिली असतील. संपादक मंडळाने यादीनंतर एक पान कोरे ठेवले आहे. आपल्या सर-बाईंना तर हजेरीतली नावे अजून तोंडपाठ असतील. तुम्हाला आठवेल ते नाव तिथे लिहा आणि मलाही कळवा. पुढच्या प्रतीत ते छापलेले असेल.