शिते किती तपासावीत?

शितावरून भाताची परीक्षा आपण घरोघरी करतो; पण शिते किती घ्यावीत, याचे शास्त्र भारतात रुजविले ते प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी. जन्म कलकत्त्याचा, २९ जून १८९३. केंब्रिजला पदार्थविज्ञान शिकून ते संख्याशास्त्राकडे वळले व १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. १९३७ पासून बंगालमधील तागाच्या क्षेत्राचा अंदाज काढताना त्यांनी आधी लहान चाचणी-पाहणी केली. जागोजागचा फरक, लागणारा वेळ व खर्च ताडून मगच नमुन्याचा आकार ठरविला. नमुना तोकडा तर अंदाज डळमळीत. अवाढव्य तर गरीब देशाचा पैसा वाया, शिवाय नोंदींतील चुका वाढणार! १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी उभी राहिली, तीही त्यांच्याच प्रेरणेने. २८ जून १९७२ रोजी ते निवर्तले. नेमके पुरेसे मोजण्याचा विवेक मात्र ते मागे ठेवून गेले.