एमा आजीची पिशवी

शाळेची सहल जाहीर झाली की सर्वांत आधी काय सुरू होते? सामानाची चर्चा. काय न्यायचे, किती न्यायचे, कशात भरायचे. एका वर्षी आम्ही मुलांना घेऊन देवगिरीच्या किल्ल्यावर गेलो होतो. एका मुलाने दोन जाड पुस्तके, तीन जोड कपडे आणि चार पुडाचा स्टीलचा डबा आणला होता. अंधारी भुयाराच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत त्याची पिशवी माझ्या खांद्यावर आली होती. त्या दिवशी मला एका अमेरिकन आजीची आठवण झाली. आजी म्हणजे आपली दादी किंवा नानी. जग तिला आजी गेटवुड या नावाने ओळखते.

तिचे नाव एमा. तिचा जन्म २५ ऑक्टोबर १८८७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, गॅलिया परगण्यात झाला. घर शेतकऱ्याचे, भावंडे पंधरा. वडील अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले होते आणि त्यात त्यांचा एक पाय गेला होता. शेतातली कामे करता करता एमाचे शिक्षण आठवीच्या पुढे गेले नाही. १९०७ साली, एकोणीस वर्षांची असताना, तिचे लग्न झाले. तिला अकरा मुले झाली.

संसार सुखाचा नव्हता. नवरा शिकलेला होता, आधी शिक्षक होता, पण घरात तो तिला मारहाण करीत असे. कधी दात पडले, कधी बरगडी मोडली. मार असह्य झाला की ती जवळच्या रानात निघून जाई आणि झाडांमध्ये एकटीच फिरत राही. चालण्याची आवड तिला मौजेतून लागली नाही, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. तिला शांतपणे श्वास घेता येईल अशी तेवढी एकच जागा होती. तेहतीस-चौतीस वर्षांच्या संसारानंतर तिने घटस्फोट घेतला. त्या काळात खेड्यातल्या बाईने असे पाऊल उचलणे सोपे नव्हते. पुढे मुले मोठी झाली, आपापल्या घरी गेली आणि एमा मोकळी झाली.

अशात एक दिवस तिच्या हाती एक जुने मासिक पडले. ते नॅशनल जिऑग्राफिकचा १९४९ सालचा अंक होता. त्यात ॲपलेशियन पायवाटेवर लेख होता. अमेरिकेच्या पूर्व भागात दक्षिणेकडून उत्तरेकडे डोंगरांची लांबच लांब रांग आहे. तिच्या माथ्यावरून जाणारी ही पायवाट चौदा राज्यांतून जाते. १९२१ साली तिची कल्पना मांडली गेली आणि १९३७ साली ती पूर्ण झाली. झाडांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे मारलेले असतात. ते पाहत पाहत चालायचे. तेव्हा तिची लांबी सुमारे २०५० मैल, म्हणजे ३३०० किलोमीटर होती. लेख वाचून एमाचा समज झाला की वाट अगदी नीटनेटकी आहे आणि एकेका दिवसाच्या अंतरावर मुक्कामाला झोपड्या आहेत. एकाही बाईने ही वाट एकटीने, एकाच हंगामात पूर्ण केलेली नव्हती. ते आपण करावे, असे तिने ठरवले. मुलांना मात्र काही सांगितले नाही.

१९५४ च्या जुलै महिन्यात ती उत्तरेच्या टोकापासून, मेन राज्यातल्या कटाडिन डोंगरावरून निघाली. काही दिवसांतच ती वाट चुकली. चष्मा पायाखाली येऊन फुटला. जवळचे खाणे संपत आले. जंगलाच्या रक्षकांनी तिला शोधून काढले आणि घरी परत जाण्याचा सल्ला दिला. ती निमूटपणे परतली. त्या वेळी तिचे वय सहासष्ट होते. एखादीने हा नाद कायमचा सोडला असता. एमाने मात्र काय चुकले याचा विचार केला. मेनचा भाग सर्वांत अवघड, म्हणून तो शेवटी ठेवायचा असे तिने ठरवले. मग ती रोज चालण्याचा सराव करू लागली. आधी घराभोवती थोडे, मग रोज थोडे अधिक, असे करीत ती दिवसाला दहा मैलांपर्यंत पोहोचली.

आता सामानाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण मला हाच भाग सर्वांत आवडतो. महायुद्धानंतरचा तो काळ. डोंगरात भटकणारे लोक सैन्यातून निघालेले जाड कापडाचे तंबू, जड बूट, पातेली असे बरेच काही पाठीवर वाहत. एमाने जीन्सच्या कापडाची एक पिशवी घरीच शिवली. तिला नाडी लावली आणि ती एका खांद्यावर टाकली. पिशवीत एक घोंगडी, एक कोट, पावसाचा अंगरखा, छोटी विजेरी, घडीचा चाकू आणि रोजचे टिपण लिहायला एक वही होती. औषधे म्हणजे आयोडीनची बाटली, जखमेवर लावायच्या पट्ट्या आणि सर्दीचा मलम. खायला मनुका, शेंगदाणे, दुधाची पावडर, सूपच्या वड्या आणि डबाबंद सॉसेज. तंबू नव्हता. त्याऐवजी न्हाणीघराला लावतात तो प्लॅस्टिकचा पडदा होता. पाऊस आला की तो अंगावर घ्यायचा, जमीन ओली असेल तर खाली अंथरायचा. एक वस्तू दोन कामे करी. पायात बूट नव्हते, साधे कॅनव्हासचे बूटवजा जोडे होते. सारे ओझे नऊ किलोंच्या आतच राही. एक चौकड्यांचा झगा मात्र तिने आठवणीने घेतला होता. वाटेत कोणाकडे पाहुणी म्हणून जावे लागले तर नीटनेटके दिसावे, एवढाच हेतू. मला वाटते, या झग्यावरून एमा आजी कशी होती ते चांगले कळते.

३ मे १९५५ रोजी दक्षिणेच्या टोकाला, जॉर्जिया राज्यातल्या ओगलथॉर्प डोंगरावरून ती निघाली. मासिकातली वाट आणि खरी वाट यांत पुष्कळ फरक होता. कुठे झुडपे माजली होती, कुठे झाडे आडवी पडली होती, कुठे मुक्कामाच्या झोपड्या मोडून गेल्या होत्या. ती कधी बाकावर झोपली, कधी वाळक्या पानांच्या ढिगात. थंडी वाजली की ती शेकोटीत दगड तापवून त्यांच्या उबेवर झोपे. रानातली फळे आणि खाण्याजोगा पाला तिला लहानपणापासून ठाऊक होता. लोक दारात आलेल्या या म्हाताऱ्या मुशाफिराला जेवू घालत. काही जण भिकारीण समजून दारही लावून घेत. (मराठीतला मुशाफिर हा शब्द आपल्या मुसाफिरचाच भाऊ आहे, हे तुम्ही ओळखलेच असेल.)

ऑगस्टमध्ये कॉनी आणि डायन अशी दोन चक्रीवादळे पाठोपाठ आली. पुरात शंभराहून अधिक माणसे मेली. डोंगरातले ओढे दुथडी भरून वाहू लागले. व्हरमाँट राज्यात एक ओढा तिला एकटीला ओलांडता येईना. नौदलातले दोन तरुण त्याच वाटेने चालत होते. त्यांनी तिला दोघांच्या मध्ये दोराने बांधून घेतले आणि पलीकडे नेले. हलकी पिशवी अशा वेळी किती उपयोगी पडते आणि कुठे अपुरी पडते, ते इथे दिसते. पडद्याने पाऊस अडला, पण पूर अडला नाही. तेथे माणसेच हवी होती. एमा आजीचे सारेच अनुकरण करावे, असे माझे म्हणणे नाही. नकाशा न घेता रानात जाणे मला तरी पटत नाही, आणि भिजलेली घोंगडी किती जड होते हे पावसाळ्यात चाललेला कोणीही सांगेल.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी ती कटाडिनच्या माथ्यावर पोहोचली. उंची सुमारे १६०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडीच कमी. १४६ दिवस लागले होते. चष्मा पुन्हा फुटला होता, पाय दुखावला होता, वजन दहा किलोहून अधिक घटले होते आणि कॅनव्हासचे सहा-सात जोड झिजले होते. तिने नोंदवहीत सही केली, देशाचे एक गाणे म्हटले आणि ती खाली उतरली. अडुसष्ट वर्षे पूर्ण व्हायला एक महिना बाकी होता.

वर्तमानपत्रांतून तिचे नाव देशभर झाले. वाटेच्या दुरवस्थेविषयी ती पत्रकारांशी स्पष्ट बोलली आणि त्यामुळे वाटेकडे पुष्कळांचे लक्ष गेले. १९५७ मध्ये ती हीच वाट पुन्हा चालली. १९५९ मध्ये मिसूरीपासून ऑरेगनच्या पोर्टलंडपर्यंत सुमारे २००० मैल चालली. तेव्हा उन्हासाठी हातात एक छत्री होती. १९६४ मध्ये तिने ॲपलेशियन वाट तिसऱ्यांदा पुरी केली. तीन वेळा ती पुरी करणारी ती पहिली व्यक्ती ठरली. पुढे १९९२ साली रे जार्डीन नावाच्या भटक्याने पुस्तक लिहून हलक्या सामानाचा पुरस्कार केला. पिशवी घरी शिवा, तंबूऐवजी साधे छत वापरा, जड बूट टाकून हलके जोडे घाला, असे त्याचे सांगणे होते. एमा आजीने हे सारे सदतीस वर्षांपूर्वीच केले होते.

४ जून १९७३ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी ती वारली. तिच्या कबरीच्या दगडावर नावाबरोबर आजी एवढाच शब्द कोरला आहे. ओहायोतल्या हॉकिंग हिल्समध्ये गुहा आणि धबधबे जोडणाऱ्या सहा मैलांच्या वाटेला तिचे नाव दिले आहे. तेथे जानेवारीच्या कडाक्यात पदयात्रा निघू लागली. धबधबे गोठलेले असताना लोक तिच्या वाटेने चालतात. सुरुवातीच्या वर्षांत एमा आजी स्वतः त्यांत असे, डोक्यावर लाल टोपी घालून.