नावात 'राजा', पण राज्य कुठलंच नाही! अडकित्त्यापासून सोंगट्यांपर्यंत सगळं जपणाऱ्या काकासाहेब केळकरांची गोष्ट

पुण्यात बाजीराव रोडवरून जाताना 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' ही पाटी तुम्ही कधी ना कधी वाचली असेल. ती वाचून अनेकांचा समज होतो की हे दिनकर केळकर कुठल्यातरी संस्थानाचे राजे असणार. घरात पिढीजात खजिना असेल आणि तोच त्यांनी लोकांना बघायला खुला केला असेल.

खरी गोष्ट अगदी वेगळी आहे. हे गृहस्थ राजे नव्हते, सरदार नव्हते आणि जहागीरदारही नव्हते. ते चष्म्याचा व्यवसाय करायचे आणि कविता लिहायचे. तरीही त्यांनी एकट्याच्या हौसेवर २० हजारांहून जास्त वस्तूंचा संग्रह उभा केला. मग नावात 'राजा' कुठून आला? त्याचं उत्तर चटका लावणारं आहे. पण त्याआधी या माणसाची ओळख करून घेऊया.

कवी ते संग्राहक

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. पुढे लोक त्यांना काकासाहेब म्हणू लागले. मराठी कवितेच्या जाणकारांना मात्र ते 'अज्ञातवासी' या टोपणनावानं माहीत होते. इतिहासाची ओढ त्यांच्या कवितेतही होती. जुन्या काळाबद्दल लिहिता लिहिता त्या काळातल्या वस्तूंकडे त्यांचं लक्ष वळलं आणि १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली.

तो काळ कसा होता, हे समजून घ्यायला हवं. १८१८ साली पेशवाई संपली, त्याला शंभर वर्षं झाली होती. सरदारांची जुनी घराणी खर्चाला महाग झाली होती. मोठाले वाडे पडत होते, विकले जात होते. घरात विजेचे दिवे येऊ लागले, तशा समया आणि लामणदिवे अडगळीत गेले. पितळेची भांडी वजनावर मोडीत निघत होती आणि कोरीव लाकडी दारं सरपणाच्या भावानं जात होती.

तलवारी, नाणी, मूर्ती, जुनी कागदपत्रं यांना तेव्हाही गिऱ्हाईक होतं. इतिहास संशोधक त्यांच्या मागावर असायचे. पण आजीच्या अडकित्त्याला, चुन्याच्या डबीला, दौतीला किंवा वज्रीला कोण विचारणार? नेमक्या अशाच वस्तू काकासाहेबांनी उचलल्या.

आणि हेच त्यांचं वेगळेपण. रोजच्या वापरातली वस्तू सगळ्यात आधी नाहीशी होते, हे त्यांच्या संग्रहातून आज लख्ख दिसतं. राजाचा रत्नजडित खंजीर पेटीत जपून ठेवला जातो. अडकित्ता मात्र झिजेपर्यंत वापरतात आणि मग टाकून देतात.

गावोगाव पायपीट

सुरुवात पुण्यातल्या आणि आसपासच्या वाड्यांपासून झाली. पुढे काकासाहेब देशभर फिरले. गुजरात, राजस्थानापासून दक्षिणेपर्यंत जिथे काही सापडेल तिथे ते पोहोचत. कोरीव दरवाजे, दिवे, हुक्के, वाद्यं, कातडी बाहुल्या, कलमदानं, पानाचे डबे असं काय काय घरी येत गेलं. १९६० च्या सुमारास संग्रह १५ हजार वस्तूंच्या आसपास पोहोचला होता.

विचार करा, हे सगळं राहत्या घरात! या सगळ्यात पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. संग्रहालयात स्त्रियांच्या वापरातल्या वस्तूंचं खास दालन आहे. फण्या, कुंकवाचे करंडे, दागिने, वस्त्रं, स्वयंपाकघरातली भांडी असं बायकांचं रोजचं जग तिथे दिसतं. इतिहासाच्या पुस्तकात त्या जगाला अनेकदा एक ओळही मिळत नाही.

वस्तू लहान असो वा मोठी, ती वाचली पाहिजे, हा काकासाहेबांचा ध्यास होता. कोथरूडला बाजीरावांनी मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेषही त्यांनी आणले. त्यातून उभं केलेलं 'मस्तानी महाल' दालन आजही संग्रहालयाचं मोठं आकर्षण आहे.

एक पान हरवलं की डाव संपला

या संग्रहात खेळांचं साहित्यही आहे. सारीपाट, सोंगट्या, फासे, बुद्धिबळाची प्यादी, गंजिफा. खेळाच्या वस्तू जमवणं इतर वस्तूंपेक्षा कठीण असतं. का, ते पाहूया.

सारीपाट म्हणजे चार पट्ट्यांचा कापडी पट. प्रत्येक पट्टीत ८ घरांच्या ३ ओळी, म्हणजे चार पट्ट्या मिळून ९६ घरं. त्यावर चार रंगांच्या १६ सोंगट्या. दशावतारी गंजिफाचा संच तर १२० पानांचा. दहा अवतारांची प्रत्येकी १२ गोल पानं, हातानं रंगवलेली आणि वर लाखेचा थर दिलेली. आपल्या सावंतवाडीची गंजिफा यासाठीच प्रसिद्ध.

समई थोडी चेपली तरी ती समईच राहते. पण १२० पैकी एक पान हरवलं की गंजिफाचा डाव मांडता येत नाही. एक सोंगटी कोचाखाली गेली की पट गुंडाळून माळ्यावर जातो. त्यात छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले, तेव्हा हातानं रंगवलेल्या गंजिफाकडे लोकांनी पाठ फिरवली. त्यामुळे खेळाचे पूर्ण संच फार थोडे उरले.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला. 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेतली मुलं तळघरात बसून खेळतात, तोच हा. चार मित्र टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो, फासे टाकत गोष्ट पुढे सरकते. १९७८ पासून कंपनीनं या खेळासाठी तयार साहसकथांच्या पातळ पुस्तिका विकायला काढल्या. त्यात भुयारांचे नकाशे, राक्षस, सापळे, खजिने असं सगळं असायचं.

मुलांनी त्या पुस्तिका खेळून खेळून चुरगळल्या. त्यांवर पेन्सिलीनं खुणा केल्या. सुटी वेष्टनं आणि त्यांच्या आत छापलेले नकाशे हरवले. १९८१ साली तर अशाच एका पुस्तिकेची नारिंगी वेष्टनाची आवृत्ती कंपनीनं बाजारात येताच मागे घेतली. आज त्या आवृत्तीच्या वाचलेल्या प्रती जगभरातले संग्राहक शोधत असतात. ज्या वस्तूला काल कुणी विचारत नव्हतं, तिच्यासाठी आज रांग! काकासाहेबांनी हाच हिशोब शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता. फरक इतकाच, की त्यांनी तो विकण्यासाठी मांडला नाही.

तर 'राजा' कोण?

राजा हा काकासाहेबांचा मुलगा. त्यांचा एकुलता एक मुलगा. तो अगदी लहान वयात गेला.

काकासाहेबांनी हा सगळा संग्रह त्याच्या स्मृतीला अर्पण केला आणि संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. त्यामुळे पाटीवरचं 'राजा' ही पदवी नाही. एका बापानं आपल्या नावाआधी लिहिलेलं ते मुलाचं नाव आहे. ज्या मुलामागे कुठलीच वस्तू उरण्याइतकं आयुष्य नव्हतं, त्याच्या नावानं आज हजारो वस्तू जपल्या जातात. हे कळल्यावर ती पाटी पुन्हा पूर्वीसारखी वाचता येत नाही.

सगळं देऊन टाकलं

खासगी संग्रहाचं पुढे काय होतं, हे आपण पाहतोच. जमवणारा जातो, वारसांत वाटण्या होतात आणि संग्रह फुटतो. काकासाहेबांनी ही वेळ येऊ दिली नाही. आपल्या हयातीतच त्यांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. आयुष्यभराची कमाई अशी लोकांच्या नावावर करायला मोठं मन लागतं.

पुणे विद्यापीठानं त्यांना मानद डी.लिट. दिली आणि भारत सरकारनं पद्मश्री. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी ते गेले. आज संग्रहालयात २० हजारांहून जास्त वस्तू आहेत. पण जागेअभावी त्यातल्या अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या असतात. म्हणजे तुम्ही पूर्ण संग्रहालय फिरून आलात, तरी आठपैकी सात वस्तू पाहायच्या राहिलेल्याच असतात!

तुमच्या माळ्यावर काय आहे?

सोलापूरकरांनो, पुणे आपल्यापासून जेमतेम अडीचशे किलोमीटरवर. सकाळची गाडी धरली तर संग्रहालय बघून रात्री घरी परत येता येतं. पण जाण्याआधी एकदा स्वतःच्या घरातही डोकावून बघा.

आपली सोलापुरी चादर घ्या. तिला भौगोलिक मानांकन आहे, देशभर नाव आहे. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीची चादर आज किती घरांत सापडेल? पांघरून विरली, मग खाली अंथरली, मग तिचं पायपुसणं झालं आणि शेवटी ती गेली. अडकित्त्याचं झालं, गंजिफाचं झालं, तेच.

म्हणून आजोबांच्या ट्रंकेत सोंगट्यांची पिशवी, आजीचा अडकित्ता किंवा जुन्या वेलबुट्टीची चादर सापडली, तर ती भंगारात द्यायची घाई करू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ती कुणाची, कुठून आली, कशी वापरायचे, एवढं एका कागदावर लिहून त्या वस्तूसोबतच ठेवा. वस्तू टिकली तरी तिची गोष्ट सांगणारं माणूस नेहमी असतंच असं नाही.