वेडा रशियन, जो वेडाही नव्हता आणि रशियनही नव्हता

अमेरिकेतल्या क्रीडा पत्रकारांना खेळाडूंचे बारसे करण्याची भारी हौस. १९५० नंतरच्या वर्षांत त्यांनी बिल व्हुकोविच नावाच्या एका मोटार शर्यतपटूचे नाव ठेवले वेडा रशियन. आता गंमत पाहा. तो रशियन नव्हता, त्याचे घराणे सर्ब वंशाचे होते. आणि वेडा तर तो मुळीच नव्हता. त्याच्याविषयी जे काही मी वाचले त्यावरून माझे मत असे झाले, की पोटासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाने जेवढे हिशेबी असावे लागते, तेवढा तो पुरेपूर हिशेबी होता. पत्रकारांशी तो फारसा बोलत नसे. न बोलणाऱ्या माणसाला लोक विक्षिप्त ठरवून मोकळे होतात, हे काही अमेरिकेतच घडते असे नाही.

त्याचा जन्म १३ डिसेंबर १९१८ चा, कॅलिफोर्निया राज्यातल्या अलामेडा गावचा. पुढे कुटुंब फ्रेस्नोकडे गेले. फ्रेस्नो म्हणजे द्राक्षांचा आणि कापसाचा शेतीप्रधान मुलूख. तिथे १९३२ च्या डिसेंबरात, ऐन मंदीच्या काळात, त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली. बिलला तेव्हा चौदावे वर्षही पुरे झाले नव्हते. घराचा भार मुलांवर आला. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात ज्या घरांवर अशी पाळी आली, त्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगायला नको.

१९३८ साली तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला. हौस होतीच, पण जिंकले तर चार पैसे हाती पडतात हेही होते. त्या काळी अमेरिकेत मिजेट नावाच्या बुटक्या, आखूड मोटारींच्या शर्यती फार लोकप्रिय होत्या. मातीच्या छोट्याशा गोल मैदानावर गाड्या एकमेकींना घासत घिरट्या घालायच्या. आज या गावात तर उद्या त्या गावात, आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारखे हे फिरते बिऱ्हाड. व्हुकोविच त्यात वर्षानुवर्षे घासून निघाला आणि १९५० साली मिजेट गाड्यांचा राष्ट्रीय विजेता झाला. तोवर वय झाले होते एकतीस.

आता इंडियानापोलिसविषयी थोडे सांगायला हवे. इंडियाना राज्यातल्या या शहरात १९०९ साली बांधलेला अडीच मैलांचा लंबगोल मार्ग आहे. त्याच्या २०० फेऱ्या म्हणजे ५०० मैल, सुमारे ८०५ किलोमीटर. मुंबईहून रेल्वेने नागपूरला जायचे तर अंतर याहून थोडेसेच जास्त. एवढे अंतर ही मंडळी चार तासांच्या आत कापत. वळणे चार, आणि चारही डावीकडे. मार्गाच्या कडेला भिंत. समोरच्या सरळ पट्ट्यावर त्या काळी विटाच होत्या, त्यामुळे दर फेरीला हाडे खिळखिळी व्हायची ती वेगळीच.

१९५१ साली तिथे पहिल्यांदा उतरलेल्या व्हुकोविचची गाडी २९ फेऱ्यांत बंद पडली. पण पुढच्या वर्षी त्याला खरी संधी मिळाली. तेलाच्या धंद्यातले हॉवर्ड केक हे गाडीचे मालक, जिम ट्रॅव्हर्स आणि फ्रँक कून हे दोघे निष्णात मेकॅनिक आणि फ्रँक कर्टिसने बांधलेली नव्या घडणीची गाडी. तिचे यंत्र एका बाजूला सरकवलेले होते. त्यामुळे चालक खाली, जमिनीच्या जवळ बसे आणि वजन डावीकडे राही. वळणे सगळी डावीच असल्याने त्याचा फायदा उघड होता. व्हुकोविच दीडशे फेऱ्या सर्वांच्या पुढे होता. शेवटच्या नऊ फेऱ्या उरल्या असताना सुकाणूचा एक भाग तुटला. त्याने गाडी भिंतीला घासत कशीबशी थांबवली. विजय गेला तो बावीस वर्षांच्या ट्रॉय रटमनकडे.

त्याच शर्यतीत युरोपातून फेरारी घेऊन आलेला आल्बेर्तो आस्कारीही होता. चाक मोडल्याने तो चाळीस फेऱ्यांतच बाहेर पडला. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

१९५३ ची ३० मे ही तारीख मात्र व्हुकोविचची. त्या दिवशी ऊन असे, की डांबर तापून मार्गाची भट्टी झाली होती. पुढे धगधगते इंजिन, खाली तापलेला रस्ता, आणि त्या काळचे सुकाणू म्हणजे दोन्ही दंडांची परीक्षा. एकेक चालक गाडी थांबवून बदली माणसाला आत बसवू लागला. कार्ल स्कारबरो नावाचा चालक असाच गाडीतून उतरला आणि उष्माघाताने दगावला. व्हुकोविच शेवटपर्यंत एकटा चालवत राहिला. दोनशे फेऱ्यांपैकी १९५ फेऱ्या तो सर्वांच्या पुढे होता. वेळ लागला तीन तास त्रेपन्न मिनिटे, सरासरी वेग ताशी सुमारे २०७ किलोमीटर.

याला वेड म्हणायचे का? हा माणूस शरीर राखून होता, व्यायाम करायचा, हातांची पकड टिकावी म्हणून रबरी चेंडू दाबत राहायचा. इतर चालक दमले आणि हा दमला नाही, याचे कारण त्याच्या हाडामांसात आणि रोजच्या मेहनतीत होते. पण पत्रकारांना मेहनतीपेक्षा वेड विकायला सोपे जाते.

१९५४ साली त्याला सुरुवातच मिळाली एकोणिसाव्या जागेवरून. अठराजणांना मागे टाकत तो पुन्हा जिंकला, आणि सरासरी वेग आधीच्या वर्षापेक्षा अधिक, ताशी २१० किलोमीटरच्या घरात. लागोपाठ दोन वर्षे ही शर्यत जिंकणे त्याच्याआधी विल्बर शॉ आणि मॉरी रोझ या दोघांनाच जमले होते. इंडियानापोलिसची शर्यत १९५० ते १९६० या काळात जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींमध्ये धरली जाई. त्यामुळे युरोपच्या कुठल्याही मार्गावर कधी न उतरलेल्या या माणसाच्या नावावर आजही फॉर्म्युला वनच्या नोंदवहीत दोन विजय आहेत.

लागोपाठ तिसऱ्यांदा कुणीच जिंकलेले नव्हते. १९५५ मध्ये त्याच्यासमोर तेच होते. केक यांनी त्या वर्षी गाडी उतरवली नाही, तेव्हा तो लिंडसे हॉपकिन्स यांच्या गाडीत बसला. ट्रॅव्हर्स आणि कूनही सोबत होते. शर्यतीच्या चार दिवस आधी, २६ मे रोजी, इटलीत मोंझाच्या मार्गावर सराव करताना आस्कारी ठार झाला होता.

३० मे १९५५. जॅक मॅकग्राथशी सुरुवातीला जोरदार झुंज झाली, पण मॅकग्राथच्या गाडीचे इंजिन बिघडले आणि व्हुकोविच एकटाच पुढे राहिला. सत्तावन्नाव्या फेरीत तो एका पूर्ण फेरीने मागे पडलेल्या गाड्यांच्या घोळक्याजवळ पोचला. त्यातल्या रॉजर वॉर्डच्या गाडीचा आस तुटला, ती भिंतीवर आदळून उलटली. तिला चुकवताना अल केलरची गाडी जॉनी बॉइडच्या गाडीवर गेली आणि बॉइडची गाडी ढकलली गेली ती नेमकी व्हुकोविचच्या वाटेत. त्याची गाडी बॉइडच्या गाडीवर चढून बाहेरच्या भिंतीपलीकडे फेकली गेली, कोलांट्या खात पडली आणि पेटली. एड एलिशियन नावाच्या चालकाने शर्यत सोडून आपली गाडी थांबवली आणि तो मदतीला धावला. उपयोग झाला नाही. व्हुकोविच छत्तीस वर्षांचा होता.

त्याने काही वेगळे केले असते तर, अशी चर्चा नंतर पुष्कळ झाली. मला ती फोल वाटते. त्या वेगात विचाराला जागाच नसते. त्या दिवशी त्याच्याकडून चूक झाली नाही, आणि हीच गोष्ट पचायला अवघड आहे. चालकाच्या डोक्यामागे पोलादी कमान हवी, अंगावर आग रोखणारे कपडे हवेत, ही सक्ती १९५९ साली आली. तोवर सुती सदरा घालून लोक शर्यतीला बसत.

शर्यत थांबली नाही. बॉब स्वीकर्ट जिंकला. मॅकग्राथ त्याच वर्षी नोव्हेंबरात फिनिक्सला शर्यतीत मेला आणि स्वीकर्ट पुढच्या जूनमध्ये. ११ जून १९५५ ला फ्रान्समध्ये ल मान्सच्या शर्यतीत गाडी प्रेक्षकांवर जाऊन ऐंशीच्या वर माणसे दगावली. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने त्या वर्षाअखेर शर्यतींची जबाबदारीच सोडून दिली.

इंडियानापोलिसला व्हुकोविच पाच वर्षांत ६७६ फेऱ्या पळाला. त्यातल्या ४८५ फेऱ्या तो सर्वांत पुढे होता. लागोपाठ तीन वर्षे ती शर्यत आजवर कुणालाच जिंकता आलेली नाही.

वडील गेले तेव्हा धाकटा बिल अकरा वर्षांचा होता. मोठेपणी तोही शर्यतीत उतरला आणि १९७३ साली इंडियानापोलिसला दुसरा आला. त्याचा मुलगा, तोही बिलच, १९८८ ते १९९० अशी तीन वर्षे त्याच मार्गावर धावला. एकाच घरातली तिसरी पिढी तिथे उतरण्याची ती पहिलीच वेळ. नोव्हेंबर १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला सराव करताना त्याची गाडी भिंतीवर आदळली. तो सत्तावीस वर्षांचा होता. बाप आणि मुलगा दोघांनाही गमावून मधला बिल पुढे २०२३ पर्यंत जगला.