इथरचे कोडे सोडवणारे विल्यमसन

विद्यार्थी मित्रांनो, बारावीच्या रसायनशास्त्रात विल्यमसन हे नाव एका अभिक्रियेपुरते येते. आज त्या नावामागच्या माणसाची ओळख करून घेऊ.

अलेक्झांडर विल्यमसन यांचा जन्म 1 मे 1824 रोजी लंडनजवळ वाँड्सवर्थ येथे झाला. लहानपणीच त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली आणि डावा हात जवळजवळ निकामी झाला. हायडेलबर्गला ते वैद्यक शिकायला गेले, पण मन रसायनशास्त्रात रमले. पुढे गीसेन येथे ते लीबिग यांचे विद्यार्थी झाले. 1849 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते प्राध्यापक झाले.

तेथे त्यांना अल्कोहोलपासून अधिक मोठे अल्कोहोल बनवायचे होते. अल्कोहोलमधील हायड्रोजनच्या जागी पोटॅशियम आणून त्यांनी त्यावर इथिल आयोडाइडची क्रिया केली. हाती आले भलतेच, साधे इथर! त्यांनी प्रयोग फसला म्हणून सोडून दिला नाही. असे का झाले, याचा शोध घेऊन 1850 मध्ये त्यांनी उत्तर मांडले.

सल्फ्युरिक आम्ल अल्कोहोलमधील पाणी शोषून घेते आणि इथर उरते, असा तेव्हा समज होता. विल्यमसन यांनी दाखवले की आम्ल आधी अल्कोहोलशी जोडले जाते, मग इथिल गट दुसऱ्या अल्कोहोलला देऊन पुन्हा मोकळे होते. म्हणूनच थोडे आम्ल पुष्कळ अल्कोहोलला पुरते.

आज आपल्याला यापुढचेही ठाऊक आहे. आम्लामुळे अल्कोहोलचा ओएच गट पाण्याच्या रूपात सहज निघतो. मग दोन वाटांची चढाओढ लागते. सुमारे 140 अंश सेल्सिअसला त्या जागी दुसरे अल्कोहोल येते व इथर बनते, हे प्रतियोजन. आम्ल जास्त असेल आणि तापमान 170 अंशांच्या आसपास असेल, तर शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजनही जातो व इथिलीन वायू मिळतो, हे विलोपन.

1863 मध्ये जपानमधून पाच तरुण लंडनला शिकायला आले. तेव्हा जपानी माणसाला देश सोडण्याची बंदी होती. विल्यमसन यांनी त्यांना शिकवले, काहींना स्वतःच्या घरी ठेवून घेतले. त्यांच्यापैकी इतो हिरोबुमी 1885 मध्ये जपानचे पहिले पंतप्रधान झाले. विल्यमसन 6 मे 1904 रोजी निवर्तले.

मित्रांनो, प्रात्यक्षिकात अपेक्षित उत्तर आले नाही की आपण शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. पालकही आधी गुण विचारतात. विल्यमसन यांनी तसे केले असते, तर इथरचे कोडे त्यांच्या हातून सुटले नसते. परीक्षानळीत जे दिसले तेच लिहू या, आणि ते तसे का झाले, हे सरांना विचारू या.