जोसेफ बॅझलजेट
सर जोसेफ विल्यम बॅझलजेट (२८ मार्च, १८१९ - १५ मार्च, १८९१) हे ब्रिटिश स्थापत्य अभियंते होते. लंडन शहराच्या भुयारी मलनिस्सारण व्यवस्थेचे शिल्पकार म्हणून ते ओळखले जातात.

सुरुवातीचे जीवन
बॅझलजेट यांचा जन्म लंडनच्या उत्तरेकडील एनफील्ड येथे झाला. त्यांचे वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी होते व घराणे मूळचे फ्रेंच होते. सर जॉन मॅकनील यांच्या हाताखाली आयर्लंडमध्ये काम करताना त्यांना जमिनीचा निचरा व भूमी-उद्धरण या कामांचा अनुभव मिळाला. पुढे त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. परंतु रेल्वेबांधणीच्या धामधुमीत अतिश्रमाने १८४७ साली त्यांची प्रकृती ढासळली. १८४९ मध्ये ते लंडनच्या मलनिस्सारण आयोगात रुजू झाले आणि १८५६ मध्ये महानगर बांधकाम मंडळाचे मुख्य अभियंता झाले.

लंडनची मलनिस्सारण योजना
त्या काळी लंडनचे मैलापाणी थेट थेम्स नदीत सोडले जाई आणि अनेक वस्त्यांना पिण्याचे पाणीही त्याच नदीतून मिळे. पटकीच्या साथींत हजारो लोक दगावत. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी इतकी असह्य झाली की काठावरील संसदेचे कामकाजही अवघड झाले. त्यानंतर संसदेने मंडळाला निधी उभारण्याचे अधिकार दिले.

बॅझलजेट यांनी नदीला समांतर अशी सुमारे १३२ किलोमीटर लांबीची मुख्य गटारे बांधली. नदीकडे वाहणारे मैलापाणी ही गटारे वाटेतच अडवून पूर्वेकडे नेत. शक्य तेथे ते उताराने वाहे. सखल भागातील पाणी ॲबी मिल्स, डेटफर्ड व क्रॉसनेस येथील वाफेच्या पंपांनी उचलले जाई. बेक्टन व क्रॉसनेस येथे ते साठवून ओहोटीच्या वेळी नदीत सोडले जाई. पाण्यातही घट्ट होणारे पोर्टलँड सिमेंट त्यांनी या कामात मोठ्या प्रमाणावर वापरले व त्याची काटेकोर चाचणी सक्तीची केली. ४ एप्रिल, १८६५ रोजी योजनेचे उद्‌घाटन झाले. उर्वरित कामे १८७५ पर्यंत चालली. व्हिक्टोरिया, अल्बर्ट व चेल्सी हे नदीकाठचे बांधही त्यांनीच उभारले.

रोग दूषित हवेतून पसरतो, असा तेव्हाचा प्रचलित समज होता. तो चुकीचा असला तरी मैलापाणी पिण्याच्या पाण्यापासून दूर गेल्याने योजना परिणामकारक ठरली. १८६६ ची पटकीची साथ मुख्यतः पूर्व लंडनमध्ये पसरली. तेथील गटारांचे काम तेव्हा अपुरे होते. लंडनमधील ती शेवटची मोठी साथ ठरली.

प्रक्रियेचा प्रश्न
या योजनेत मैलापाण्यावर प्रक्रिया होत नव्हती. शहरातील प्रदूषण नदीच्या खालच्या भागात सरकले होते. ३ सप्टेंबर, १८७८ रोजी प्रिन्सेस ॲलिस ही प्रवासी बोट गटारांच्या मुखांजवळच्या पात्रात बुडून ६०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पाण्यातील मैल्यामुळे जीवितहानी वाढल्याचा आरोप झाला. नदीतील गाळाला ही मुखे कारणीभूत असल्याचे बॅझलजेट यांना मान्य नव्हते. मात्र १८८२ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने मैलापाण्यातील घन पदार्थ वेगळे करण्याची शिफारस केली.

त्यानुसार मंडळाचे रसायनतज्ज्ञ विल्यम डिब्डिन यांच्या सल्ल्याने चुना व लोहक्षार मिसळून गाळ तळाशी बसवण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. निवळलेले पाणी नदीत सोडले जाई, तर गाळ जहाजाने समुद्रात टाकला जाई. १८८७ मध्ये सुरू झालेल्या या वाहतुकीच्या पहिल्या जहाजाला बॅझलजेट यांचेच नाव देण्यात आले. समुद्रात गाळ टाकण्याची प्रथा १९९८ मध्ये बंद झाली.

सन्मान व मृत्यू
बॅझलजेट यांना सर हा किताब मिळाला. ते ब्रिटनच्या स्थापत्य अभियंता संस्थेचे अध्यक्षही होते. १८८९ मध्ये मंडळ बरखास्त झाल्यावर ते निवृत्त झाले व १८९१ मध्ये विम्बल्डन येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी बांधलेली मुख्य गटारे आजही वापरात असून बेक्टन व क्रॉसनेस येथे आता मोठी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत.