पहिले सालारजंग व विकत घेतलेली न्यायाची गादी

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांनी नळदुर्गचा किल्ला, बोरी नदीवरील बांध व त्या बांधातील पाणीमहाल पाहिला असेल. परंतु हेच गाव पूर्वी कित्येक वर्षे जिल्ह्याचे ठाणे होते हे थोड्यांसच ठाऊक असेल. त्या काळी मोगलाईत जो अंमलदार सारा वसूल करी, तोच रयतेचे कज्जेही तोडी. अशी जागा माणसास कशी मिळे, व ती रीत कोणी मोडली, हे कळावे म्हणून आज आम्ही हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांचे चरित्र संक्षेपाने देत आहो.

त्यांचे मूळ नाव मीर तुराब अली खान. जन्म 1829 साली झाला. त्यांच्या घराण्यात दिवाणगिरी पूर्वापार चालत आली होती. बाप लहानपणीच वारल्यामुळे ते वडीलधाऱ्या आप्तांच्या देखरेखीखाली वाढले. विशीच्या आत-बाहेर असतानाच त्यांस तेलंगणातील खम्मम येथील तालुकदारी मिळाली. ती थोडेच महिने त्यांच्याकडे होती. तथापि राज्याचा कारभार खाली रयतेपर्यंत कसा पोहोचतो, हे त्यांनी तेथे पाहिले.

आता तो कारभार कसा होता तो ऐका. राजा चंदुलाल यांच्या हाती 1843 पर्यंत सत्ता होती. त्यांच्या काळी तालुके मक्त्याने दिले जात. जो अधिक रक्कम आगाऊ भरी व अधिक नजराणा ठेवी, तो तालुकदार होई. ही रक्कम तो बहुधा सावकाराकडून व्याजाने काढी. बरे, पैसे भरून तरी जागा कायम राहील म्हणावे, तर तेही नाही. वर्ष सरण्यापूर्वी दुसऱ्या कोणी जास्त रक्कम कबूल केली की पहिल्यास उठवीत, व नवा येऊन त्याच रयतेपाशी पुन्हा मागणी करी. कर्जापोटी कित्येक तालुके अरब जमादारांकडे व सावकारांकडे गहाण पडले होते, आणि अरबांनी तर आपल्या ऋणकोंस आपल्याच कोठडीत डांबावे, असा प्रकार चाले.

अशा मनुष्यापुढे एखादा गरीब कुणबी फिर्याद घेऊन उभा राहिला तर त्यास काय मिळणार? तालुकदार मनाने दुष्टच असे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच्या डोक्यावर सावकाराचे व्याज चढत असे, व ज्याने त्याच्या जागेसाठी पैसा पुरविला त्याचाच कज्जा पुढे आला तर त्याचे तोंड बंद होत असे. न्याय विकला जाई तो निकालाच्या दिवशी नव्हे. गादी विकली गेली त्याच दिवशी तो विकला गेलेला असे.

ता. 21 मे 1853 च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्गकडील मुलूख फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांकडे गेला. थोड्याच दिवसांनी दिवाण सिराजुल्मुल्क वारले, आणि त्यांचे पुतणे सालारजंग चोविसाव्या वर्षी दिवाण झाले. तिजोरी रिकामी होती व कर्ज डोंगराएवढे होते. नळदुर्गास तेव्हा मेडोज टेलर हे इंग्रज अंमलदार आले. ते 1857 पर्यंत तेथे होते.

सालारजंगांनी गहाण पडलेले तालुके एकामागून एक सोडविले, मक्ता बंद करीत आणला व त्याच्या जागी पगारी तालुकदार नेमले. 1860 साली नळदुर्ग व रायचूर निजामाकडे परत आले. 1865 साली जिल्हाबंदी होऊन जिल्ह्यास अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम व सोयम तालुकदार, आणि तालुक्यास तहसीलदार अशी व्यवस्था लागली. 1868 साली न्याय, महसूल, पोलीस व इतर खाती यांवर चार निरनिराळे सदरुल्महाम नेमले गेले. पगार सरकारातून मिळू लागला, म्हणून जागेचे मोल रयतेपासून उकळण्याची निकड उरली नाही.

हे करणे सोपे नव्हते. जुन्या रीतीवर ज्यांची घरे चालत, त्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. खुद्द निजामांचीही त्यांच्यावर सदा कृपादृष्टी नसे. 1859 साली दरबारातून रेसिडेंट डेव्हिडसन यांच्यासह बाहेर पडत असता त्यांच्या रोखाने गोळी सुटली. 1868 साली पुन्हा तसेच झाले. दोन्ही वेळा ते वाचले व कामावर राहिले. ता. 8 फेब्रुवारी 1883 रोजी पटकीच्या विकाराने हैदराबादेत त्यांचा अंत झाला.

त्यांचे काम पुरे झाले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. दरबारी भाषा फारशी होती, ती मराठी रयतेस कळत नसे. तालुकदाराच्या हाती न्यायाचाही अधिकार राहिलाच; तो कारभारापासून तुटला 1921 साली. आणि पगार मिळाला म्हणजे लाच संपते असेही नाही.

तथापि हा रोग केवळ जुन्या मोगलाईचा होता असे कोणी समजू नये. अमेरिकेतील कित्येक संस्थानांत न्यायाधीश मते घेऊन निवडतात, व निवडणुकीस वर्गणी लागते. वेस्ट व्हर्जिनियात 2004 साली एका कोळसा कंपनीच्या मुख्याने एका उमेदवारासाठी सुमारे 30 लाख डॉलर खर्चिले. तो उमेदवार निवडून आला व पुढे त्याच कंपनीच्या खटल्यास बसला. 2009 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की त्याने त्या खटल्यातून दूर व्हावयास पाहिजे होते. पण पाच विरुद्ध चार इतक्याच मतांनी.

आपल्या गावी बांधाचा किंवा वाटणीचा तंटा तोडावयास तुम्हांपैकी कोणास पंच म्हणून बोलावतील. तेव्हा आधी एका पक्षाच्या घरी जेवून मग निवाड्यास बसू नका. जेवण लहान असेल; पण दुसऱ्या पक्षाने ते पाहिलेले असते.